नखाएवढं काम

पुरुषांच्या पायाची नखं कोण कापतं, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? हसू नका. लहानपणी आई कापते. शाळेत गेल्यावर सोमवारच्या नखं-तपासणीच्या धाकानं मुलगा स्वतः कापायला शिकतो. पुढे कित्येक वर्षं त्याचं त्याला जमतं. मग पोट सुटतं, गुडघे कुरकुरायला लागतात, चष्म्याचा नंबर वाढतो आणि स्वतःच्याच पायाचा अंगठा हळूहळू लांब जायला लागतो. इतका लांब, की तिथपर्यंत हातच पोचत नाही. मग कोण कापतं?

परवा आमच्या भिशीत मी हा प्रश्न टाकला. आठजणी आहोत आम्ही, सगळ्या साठीच्या अलीकडे-पलीकडे. आधी सगळ्या खो-खो हसल्या. मग एक म्हणाली, ‘‘मीच की!’’ दुसरी म्हणाली, ‘‘मीसुद्धा.’’ आठातल्या पाचजणी नवऱ्याच्या पायाची नखं कापत होत्या आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत एकीनंही हे दुसरीला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच प्रत्येकीला वाटत होतं. स्वयंपाक, धुणीभांडी, औषधांच्या वेळा ही कामं निदान बोलली तरी जातात. हे नखाएवढं काम कुणाच्या हिशेबात येणार?

आमच्या घरी ते माझ्याकडे आलं साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी. आमचे हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. छत्तीस वर्षं लेथवर उभं राहून काम. लग्न झालं तेव्हा, १९८४ मध्ये, मला पहिल्यांदा दिसली ती ह्यांची काळी नखं. मशीनचं तेल आणि लोखंडाचा बारीक कीस नखांच्या कडेला असा बसलेला असायचा, की रॉकेल आणि कपड्याच्या साबणानं घासूनही थोडा उरायचाच. पायांकडे तर कुणाचं लक्षच नव्हतं. ते दिवसभर जाड बुटात बंद. २०११ मध्ये मधुमेह निघाला, त्यानंतर गुडघे गेले आणि रविवारी सकाळी गॅलरीत जुना पेपर पसरून नखं कापायचं काम मी करायला लागले. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. झालं आपोआप.

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या अंगठ्यानं संप पुकारला. बरणीचं झाकण उघडेना, कणीक मळवेना. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, असं डॉक्टर म्हणाले. चिमटीत धरून दाबायची कामं बंद. म्हणजे नेलकटरही बंद. ‘‘असू दे, माझं मी बघतो,’’ असं म्हणून हे बाथरूमचं दार लावून ब्लेडनं नखं कापायला लागले. दार का लावायचं, तर त्या कसरतीत तोंडातून निघणारे आवाज मला ऐकू येऊ नयेत म्हणून! थोड्याच दिवसांत मॉर्निंग वॉकचे मोजे अंगठ्यापाशी फाटायला लागले.

‘‘मामी, काकांना नेल सलूनमध्ये घेऊन जा ना,’’ असं सुचवलं माझ्या भाचीनं. ती तिथं नेहमी जाते. ‘‘पेडिक्युअर करतात. छान स्वच्छ असतं.’’

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. ‘‘मी? आता या वयात नखं रंगवायला जाऊ?’’

‘‘रंगवायची नाहीत हो, कापायची.’’

‘‘मग न कापलेलीच बरी. त्या पुण्याच्या चिल्लालांसारखी वाढवतो.’’

श्रीधर चिल्लाल आठवतात ना? शाळेत असताना, १९५२ मध्ये, त्यांनी डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं आणि थेट २०१८ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला जाऊन ती कापून घेतली. पाचही नखांची मिळून लांबी भरली ९०९.६ सेंटिमीटर! एकट्या अंगठ्याचंच नख १९७ सेंटिमीटरच्या वर. हातांच्या नखांचा विक्रम झाला हा. पण पायाची नखं अशी वाढवून बूट कसे घालणार, हे काही ह्यांना सांगता येईना.

मला मात्र ह्यांच्याच गावातलं एक दृश्य आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावी नवी सून म्हणून मी गेले, तेव्हा दर पंधरवड्याला सकाळी नाभिक घरी यायचे. ओट्यावर बसून धोकटी उघडायचे. त्यात वस्तरा, कातर, छोटा आरसा आणि नराणी. नराणी म्हणजे नखं कापायचं लोखंडी हत्यार, टोकाला धार असलेलं. मामंजींची दाढी झाली, की ते त्यांचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घ्यायचे आणि एकेक नख काढायचे. कुठं भेग पडली, कुठं काटा मोडलाय, हेही मामंजींच्या आधी त्यांना कळायचं. गावभरच्या बातम्या तेव्हाच व्हायच्या. मोबदला रोखीत नाही. सुगीत खळ्यावर बलुतं.

मी ह्यांना म्हटलं, ‘‘अहो, तुमच्या वडिलांचं पेडिक्युअर तर दारात व्हायचं. तेव्हा कुणी म्हणालं का, की हे बायकी काम आहे म्हणून?’’

यावर हे काही बोलले नाहीत. पण मी मात्र त्या दिवसापासून विचार करत राहिले. पुरुषानं दुसऱ्याकडून नखं कापून घेणं ही आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेली गोष्ट होती. मग गावातून माणसं शहरात आली. नाभिकांची सलूनं झाली, खुर्च्या आल्या, मोठे आरसे आले. केस आणि दाढी सलूनमध्ये राहिली, नखं मात्र तिथून बाहेर पडली. घरोघरी नेलकटर आलं. तरुणपणी ते ज्याचं त्याच्या हातात आणि म्हातारपणी बायकोच्या. दुसरीकडे मॅनिक्युअर-पेडिक्युअर हे शब्द ब्यूटी पार्लरमधून आले, म्हणून ते बायकांचे ठरले. काम तेच, पण नाव बदललं आणि पुरुषांना त्याची लाज वाटायला लागली.

शेवटी २०२४ च्या दिवाळीआधी हे तयार झाले. फाटक्या मोज्यांचा खर्च पेडिक्युअरपेक्षा जास्त होतोय, असा हिशेब मी मांडून दाखवला होता!

राम मारुती रोडच्या जवळच एक नेल सलून आहे. आत शिरताना ह्यांनी मागेपुढे बघून घेतलं, कुणी ओळखीचं नाही ना. आत सगळं गुलाबी. नेलपॉलिशच्या बाटल्यांची भिंतभर मांडणी. आमच्या तरुणपणी कुठल्याही कंपनीची बाटली असली तरी आम्ही तिला क्युटेक्सच म्हणायचो. लाल, गुलाबी आणि फार तर मरून, संपले रंग. इथं निळा, करडा, काळासुद्धा! दोन मुली दिव्याच्या छोट्या डब्यात बोटं घालून बसल्या होत्या. आणि कोपऱ्यात चक्क एक कॉलेजचा मुलगा. तो गिटार वाजवतो आणि तारा छेडायला उजव्या हाताची नखं मजबूत लागतात, म्हणून ॲक्रिलिकची करून घ्यायला आला होता. ह्यांचा जीव भांड्यात पडला. पुरुष आहे!

एक बारीकशी, मिझोरामची मुलगी समोर बसली. तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘‘अंकल, शुगर है?’’

‘‘आहे. चौदा वर्षं होतील आता.’’

मग तिनं पाणी स्वतःच्या हातानं तपासलं. भाचीचे पाय वीस मिनिटं पाण्यात असतात म्हणे, ह्यांचे तिनं तीन-चार मिनिटांतच बाहेर काढले आणि प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून टॉवेल फिरवला. ह्यांचा पाय तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर होता आणि हे खुर्चीत अवघडून, जणू दुसऱ्याचाच पाय आहे असे बघत होते. ह्यांचे पाय कुणी असे हातात घेऊन धुतले होते ते लग्नात, माझ्या वडिलांनी. चाळीस वर्षं झाली त्याला.

अवघडलेपण गेलं ते हत्यारांमुळे. तिनं ट्रे उघडला आणि ह्यांच्यातला टर्नर जागा झाला. ‘‘ही कानस कितीची?’’ कानस हा शब्द तिला कुठून माहीत असणार! मी सांगितलं, फाइल. मग तिनं फाइलवरचा आकडा दाखवला, एका बाजूला १०० आणि दुसरीकडे १८०. ‘‘म्हणजे पॉलिश पेपरसारखंच,’’ हे खूश. आकडा वाढला, की दाणा बारीक. तिनं छोटं मशीन हातात घेतल्यावर तर विचारूच नका. ‘‘आरपीएम किती?’’ या मशीनचा वेग तीस हजारांपर्यंत जातो, पण अंकलच्या पायाला मी अगदी कमी ठेवणार, असं ती म्हणाली. ‘‘आमचा लेथ दीड-दोन हजारांच्या वर जायचा नाही,’’ असं ह्यांनी तिला मोठ्या आदरानं सांगितलं.

हाताची नखं करताना ती डाव्या तर्जनीपाशी थांबली. तिथलं नख मधोमध दुभंगलेलं आहे. १९९१ मध्ये जॉब फिरत असताना बोट सापडलं होतं. नख जिथं तयार होतं ते मूळ कातडीच्या आत असतं. त्यालाच इजा झाली, तर पुढे येणारं प्रत्येक नख तसंच चिरलेलं येतं. ‘‘दर्द हुआ होगा,’’ ती म्हणाली. आणि हे चक्क सांगायला लागले. बोटाला फडकं गुंडाळून पाळी पूर्ण केली होती म्हणे, कारण मध्येच घरी गेलं असतं तर अर्धा दिवस कापला असता. इतकी वर्षं हे बोट माझ्यासमोर आहे. ‘मशीनमध्ये सापडलं’ यापलीकडे मला कधी एक शब्द ऐकायला मिळाला नव्हता!

आता पाय. डाव्या पायाची पाच झाली. उजव्या अंगठ्याशी आल्यावर तिचा हात थांबला. नखाचा कोपरा मांसात घुसला होता आणि त्याच्या बाजूला ओलसर, काळपट असं काहीतरी दिसत होतं. तिनं कडेनं हलकेच दाबलं.

‘‘दर्द होता है?’’

‘‘नाही. काहीच नाही.’’

तिनं अजून थोडं दाबलं. ह्यांचा चेहरा तसाच.

‘‘होना चाहिए, अंकल,’’ ती म्हणाली. मग नेलकटर खाली ठेवलं. ‘‘ये वाला मैं नहीं काटूँगी. पहले डॉक्टर को दिखाओ. आज ही.’’

बाकीची चार बोटं तिनं नीट केली, अंगठ्याला मात्र हात लावला नाही. हे म्हणत होते, ‘‘अगं, त्यात काय, कापून टाक.’’ पण ती ऐकेना.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नायलॉनच्या एका जाड धाग्यानं तळपायाला दहा ठिकाणी स्पर्श केला. हे डोळे मिटून बसले होते. कळलं की ‘हो’ म्हणायचं. उजव्या पायाला दहापैकी चार ‘हो’ आले. हा धागा वाकेपर्यंत दाबला, की दहा ग्रॅमचा दाब पडतो. तेवढाही कळत नसेल, तर चप्पल चावलेली, खडा रुतलेला, ब्लेड लागलेलं काहीच कळत नाही. मधुमेहात पायाच्या नसा अशा हळूहळू मुक्या होतात. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर छोटीशी जखमही भरत नाही, चिघळत जाते आणि गोष्ट बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. दुखणं ही किती मोठी सोय आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नखाचा घुसलेला भाग डॉक्टरांनी काढला. गोळ्या झाल्या, ड्रेसिंग झालं. तीन आठवड्यांत जखम भरली. ‘‘लवकर आणलंत. कुणाच्या लक्षात आलं?’’ डॉक्टरांनी विचारलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खणखणीत आवाजात सांगितलं, ‘‘नेल सलूनमध्ये!’’

मला त्या मुलीच्या ‘नाही’चं फार अप्रूप वाटतं. गावातल्या त्या नाभिकांची नजर काही कमी नव्हती, पण ‘नाही’ म्हणायची सोय त्यांना नव्हती. बलुत्यात बांधलेलं, जातीनं वाट्याला आलेलं काम ते. बायकोलाही ती सोय कुठं असते? तिचं तर प्रेमच असतं ना, मग प्रेमाला कोण सुट्टी देणार? इथं मात्र एक मुलगी हे काम शिकून आली होती, त्याचे सातशे रुपये घेत होती आणि काय करायचं नाही हेही तिला ठाऊक होतं. कामाला दाम आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क मिळाला, की कामाचीही किंमत वाढते आणि करणाऱ्याचीही.

आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात किंवा शेजारच्या घरात एक माणूस आहेच. म्हणून डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेल्या चार गोष्टी तुम्हालाही सांगते.

पायाची नखं सरळ रेषेत कापायची, कोपरे गोल कोरायचे नाहीत आणि फार खोलही जायचं नाही. कडा कानशीनं घासायच्या. ब्लेड नको. कुरूप घालवायच्या पट्ट्या किंवा औषधं मनानं लावायची नाहीत, त्यात आम्ल असतं. पाणी पायानं तपासायचं नाही, कोपरानं किंवा दुसऱ्याच्या हातानं तपासायचं. पाय फार वेळ भिजवायचे नाहीत. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तिथं क्रीम लावायचं नाही. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. रोज रात्री तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. वर्षातून एकदा तरी ती धाग्याची तपासणी करून घ्यायची.

सलूनमध्ये जाणार असाल, तर मधुमेह आहे किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हे आधीच सांगा. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती कापू देऊ नका. जंतू आत जाऊ नयेत म्हणून निसर्गानं लावलेलं ते सील आहे. भेगांवर ब्लेड फिरवू देऊ नका. हत्यारं कशी निर्जंतुक करता, हे विचारायला लाजू नका, नाहीतर आपली आपण घेऊन जा. आणि जखम असेल, सूज असेल, नख काळं पडलं असेल किंवा पाय बधिर असेल, तर सलून नाही, आधी डॉक्टर.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मंच. अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ह्यांचं ते नख आता कुठं पूर्ण आलं आहे. दर पाच-सहा आठवड्यांनी हे डॉक्टरांना पाय दाखवतात आणि त्यांनी हो म्हटलं, की सलूनला जातात. आता एकटे जातात, मागेपुढे न बघता. वॉकच्या ग्रुपमधले दोघंजण त्यांच्याबरोबर जायला लागलेत. तिघं एका रांगेत खुर्च्यांवर बसून निवडणुकीवर वाद घालतात, असं भाची सांगत होती. ओट्यावरच्या गप्पाच त्या, फक्त गुलाबी भिंतीसमोर!

आणि माझी नखं? उजव्या अंगठ्यामुळे डाव्या हाताची नखं मला अजूनही कापता येत नाहीत. ते काम सध्या आमच्या टर्नरसाहेबांकडे आहे. रविवारी सकाळी, गॅलरीत, जुना पेपर पसरून. डोळ्यांवर चष्मा, हातात १८० नंबरची कानस. एकेका नखाला इतका वेळ लावतात, की कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात. मी म्हणते, ‘‘पुरे हो आता.’’

‘‘थांब गं, फिनिशिंग राहिलंय अजून.’’